बारशाच्या दिवशी लिनक्स

माझ्या भाचीच्या बारशाला मी घरातच, कॉम्प्युटरसमोर नटूनथटून बसून, अर्धा तास उशिरा पोचले.

भाची कॅनडात, माझं माहेर बेळगावात. पण नाव आत्यानंच कानात सांगायचं, आणि एकुलती एक आत्या मी! म्हणून संध्याकाळी सहाला व्हिडिओ कॉलवर बारसं ठरलं आणि मी सकाळीच संकेश्वरहून माहेरी येऊन दाखल झाले. वडिलांच्या, आप्पांच्या, कॉम्प्युटरवरची विकतची सिस्टिम म्हातारी झाली होती. मनात आलं की कामाच्या मध्येच अपडेट घ्यायला बसायची. (आप्पा म्हणायचे, "ध्यानाला बसलंय, उठवू नको.") ऐन बारशात ध्यान लागलं तर? म्हणून ती पुसून मी लिनक्स टाकायला घेतलं. फुकट, हलकं, आणि मी मोबाइलवर त्याचा आख्खा एक व्हिडिओ बघितला होता!

दुपारपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग त्यानं जगाचा नकाशा दाखवून विचारलं, राहता कुठं? यादीत ना बेळगाव, ना निपाणी. आपल्या देशातलं एकच नाव, कोलकाता.

"टाकते कोलकाता," मी म्हटलं.

आप्पा खुर्चीतनं ताडकन उठले. "न्हाय! हिकडचं का तिकडचं म्हणून जल्मभर भांडलो आमी, आन तू एका बटनात बंगालात घालतीस?"

"अहो आप्पा, नुसती घड्याळाची वेळ लावायची आहे."

"आज येळ, उद्या रेशन कार्ड!"

तेवढ्यात स्वयंपाकघरातून दुधाचा कुंदा खाली लागल्याचा वास आला आणि मी पळाले. परत आले तेव्हा आप्पा एकदम प्रसन्न.

"टाकलंय बेळगाव. नकाशावर बराब्बर बाण ठेवून दाबलंय बघ."

मीही एवढी शहाणी, की बघितलं नाही.

संध्याकाळी पैठणी नेसून, नथ घालून बाहेर आले. कॉम्प्युटरात साडेपाच.

"अगं, भिंतीवरचं घड्याळ सहा दावतंय की!" आई म्हणाली.

"आई, ते सेलवर चालतं. हा इंटरनेटवरून वेळ घेतो. चुकायचा प्रश्नच नाही!" असं म्हणून मी नथीसकट स्टुलावर चढले आणि भिंतीवरचं घड्याळ मागं केलं. शेजारच्या सुमनकाकू बारशाला आल्या होत्या. त्यांनीही मुकाट्यानं मनगटावरचं मागं घेतलं. माझा मोबाइल सकाळच्या व्हिडिओनं गतप्राण होऊन आत चार्जिंगला पडला होता, त्याला कोण विचारतो?

घरातल्या सगळ्या घड्याळांत एकमतानं सहा वाजल्यावर मी कॉल लावला. पडद्यावर सजवलेला पाळणा दिसला, आणि भावाच्या सासूबाई बाळाच्या कानाशी तोंड नेऊन वाकलेल्या!

गेले महिनाभर मी बाळाचं नाव कुणालाही न सांगता जपलं होतं.

"थांबा!" मी अशी ओरडले, की सासूबाई दचकून मागं सरल्या, बाळ जागं होऊन भोकाड पसरू लागलं आणि आमच्याकडं आईच्या हातातली कुंद्याची वाटी पडली. माझ्या भावानं, दिनूनं, घाईघाईनं फोन बाळाच्या कानापाशी नेला. मी हळूच म्हटलं, "रेवा." रडणं थांबलं. माझे डोळे भरून आले. मग कुर्रर्र झालं आणि रिवाजाप्रमाणं आत्याच्या पाठीत धपाटे पडले. सुमनकाकूंनी आपल्या घड्याळाचाही हिशेब त्यातच चुकता केला.

"आक्का, अर्धा तास झाला फोन लावतोय," दिनू म्हणाला. "सासूबाईंना किती येळ थांबवू? हुतीस कुठं?"

मी घड्याळाची सेटिंग उघडली. आप्पांचा बाण बेळगावावरून घसरून थेट समुद्रात गेला होता. तिथली वेळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागं.

आप्पांनी चष्मा लावून वाचलं आणि शांतपणे सांगितलं, "मालदीवला."

लग्न ठरलं तेव्हा आमच्या ह्यांनी मला मालदीवलाच न्यायचं कबूल केलं होतं. (नेलं बेळगावजवळच्या जांबोटीला. भर पावसात.) आता कुणी मालदीवचा विषय काढला, की मी सांगते, जाऊन आलेय, तेही फुकट. बघण्यासारखं काही नाही. आमच्या हॉलसारखंच आहे.