भिवराबाईनं मीठ सोडलं

पाटोद्याच्या अलीकडं, रस्त्यापासून जरा आत, एका वस्तीवर भिवराबाई राहते. उमेदीची सगळी वर्षं तिनं नवऱ्यासोबत ऊसतोडीत काढली. टोळीतल्या बायांना ती आठवते ती न्हाणीसाठी. उसाच्या फडाच्या कडेला पाचटाच्या कोपी उभ्या राहिल्या की भिवराबाई चूल मांडायच्या आधी चार बांबू रोवायची, त्यांना जुनी लुगडी गुंडाळायची आणि बायांना अंघोळीपुरता आडोसा करून द्यायची. कुणी नवी पोर पदर सावरायला विसरली तर ती नुसती खाकरायची. तेवढ्यानं काम व्हायचं.

नवरा गेला तसा तिनं कोयता खाली ठेवला. मुलगा शहादेव, सून मंगल आणि लग्नाला आलेली नात मोहिनी, एवढ्यांत तिचे दिवस बरे चालले होते.

मागच्या शिमग्याच्या सुमाराला तिला भोवळ आली. डॉक्टरनं बीपी निघाला म्हणून सांगितलं, लघवी साफ होण्याची गोळी दिली आणि बजावलं, “आजी, मीठ जरा कमी करा. अन् पंधरा दिवसांनी रक्त तपासायला या.”

भिवराबाईला ‘जरा’ हा शब्द कधी कळलाच नाही. उपास धरला तर ती थेंबभर पाणी घ्यायची नाही. तिनं मीठ सोडलं ते सोडलंच. मंगल तिचं कालवण वेगळं काढायची.

“आत्या, चिमूटभर तरी टाकू का?”

“नगं. डाक्टरनं सांगितलंय.”

रक्त तपासायला मात्र ती गेली नाही. बरं वाटतंय तर कशाला जायचं?

चैत्रात ऊन तापलं आणि मोहिनीचा साखरपुडा ठरला. कार्यक्रम तोंडावर आला असताना भिवराबाईचं पोट बिघडलं, जुलाब लागले. जेवण जाईना. पोट धुऊन निघू दे म्हणत ती तांब्यामागून तांब्या पाणी रिचवत राहिली. डोकं जड झालं, मळमळायला लागलं, पण तिनं कुणाला सांगितलं नाही. साखरपुड्याच्या सकाळी तिनं मंगलला आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारली. मंगल चपापली. पण पाहुणे निघाल्याचा फोन येऊन गेला होता, पोहे भिजवायचे होते. ऊन लागलं असेल असं म्हणून ती कामाला लागली.

नेकनूरहून पाहुणे आले. नवऱ्या मुलाची आई गीताबाई बायांच्या रांगेत पुढं बसली. मांडव भरलेला होता. भिवराबाई घरातून भिंतीला धरत धरत बाहेर आली आणि गीताबाईसमोर उभी राहिली.

“ऊठ गं. किती येळ न्हातीस? मागं बाया ताटकळल्यात.”

गीताबाई गोंधळून हसली. भिवराबाईनं पदर खाली टाकला आणि सगळ्या मांडवादेखत लुगड्याच्या निऱ्या सोडायला लागली. तिच्या डोळ्यांपुढं मांडव नव्हताच. चार बांबू होते, लुगड्यांचा आडोसा होता आणि आपली अंघोळीची पाळी आली होती.

शहादेव धावला. त्यानं आईचं मनगट आवळलं.

“आये, लाज हाय का न्हाई तुला?”

तिला ओढतच त्यानं आतल्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली. मागं कुणीतरी म्हणालं, “म्हातारीनं घेतली का काय बे?” दोघं-तिघं हसली. शहादेवनं हात जोडले, “वय झालंय, मनावर घेऊ नका,” असं म्हणाला आणि हसणाऱ्यांबरोबर हसला. कार्यक्रम पुढं चालू झाला.

मोहिनीला कुंकू लागल्यावर मंगलला राहवलं नाही. तिनं कडी काढली. भिवराबाई जमिनीवर पडली होती. दातखीळ बसलेली, तोंडाला फेस, हातपाय झटके देत होते.

बीडच्या दवाखान्यात रक्त तपासलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी शहादेवला बोलावलं. “यांचं सोडियम फार उतरलंय. सोडियम म्हणजे मिठातलाच भाग. गोळीनं लघवीवाटे मीठ जात होतं, जुलाबात गेलं, खाण्यात तर नव्हतंच. वरून नुसतं पाणी पीत राहिल्या.”

“पाणी पेल्यानं आसं व्हतं?”

“रक्तात मीठ असलं की ते पाण्याला धरून ठेवतं. मीठ कमी पडलं की पाणी पेशींत शिरतं. भिजत घातलेले हरभरे फुगतात ना, तशा पेशी फुगतात. हातापायाला फुगायला जागा असते. मेंदूभोवती हाडाची कवटी, तो कुठं सरकणार? मग माणूस भलतंसलतं बोलतो, ओळख विसरतो, झटके येतात. तुमच्या आईनं जे केलं ते त्यांनी केलंच नाही असं समजा.”

“मग मीठ लवकर चढवा की.”

“लवकर नाही चालत. एकदम चढवलं तर मेंदूतलं पाणी झपाट्यानं बाहेर येतं, त्यानं कायमची इजा होते. थोडं थोडंच वाढवायचं.”

शहादेव बाहेर बाकावर येऊन बसला. आईला भान नव्हतं, आणि आपण मात्र भानावर असताना कडी घातली, हे त्याला गिळता येईना. सलाईनचं थेंब थेंब पडणं बघायलाही तो आत गेला नाही.

भिवराबाई शुद्धीवर आली, ओळखायला लागली, घरी आली. त्या दिवसाचं तिला फारसं आठवत नव्हतं. पण बाया भेटायला यायच्या आणि तिच्याशी तान्ह्या लेकराशी बोलावं तसं बोलायच्या. मोहिनी तिच्यासमोर ताट ठेवून खाली मान घालून निघून जायची. एका सकाळी मंगल पीठ मळत असताना भिवराबाईनं विचारलं, “मंगल, म्या काय केलं?”

“काय न्हाई, आत्या. आजारी व्हतात.”

“तुला मोहिनीची आण हाय.”

मंगलनं मागं वळून न बघता सगळं सांगितलं. लुगड्याचं सांगताना तिचा हात परातीत थांबला. भिवराबाईनं पदर डोक्यावरून ओढून घेतला, दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि दुपारपर्यंत तशीच बसून राहिली. त्यानंतर तिनं उंबरा ओलांडला नाही. डॉक्टरीणबाईंचं बोलणं मंगलनं दहादा समजावलं. तिला ते पटायचंही. पण मांडवातल्या माणसांनी जे पाहिलं ते पाहिलं, त्याला काय औषध?

शहादेव शेवटी एका सकाळी तिच्यापुढं येऊन बसला.

“आये, कडी म्या लावलती.”

“म्हाईत हाय. आवाज आल्ता.”

“चुकलो गं.”

“चुकला कावून? तुझ्या जागी मी आस्ते तर मीबी लावली आस्ती.”

ती त्याला धीर द्यायला बोलत नव्हती, हे शहादेवला कळलं. तो ओंजळीत तोंड लपवून रडला. भिवराबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण तिची नजर दाराकडं होती, कुणी बघत तर नाही ना म्हणून.

सोयरीक मोडली नाही. वैशाखात लग्न लागलं. भिवराबाई आता डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणं मीठ खाते आणि बदललेली गोळी घेते. लग्नाला यायला ती तयार नव्हती. मोहिनी तिच्या पायाशी बसून म्हणाली, “आज्जे, तू न्हाई तर मी बोहल्यावर चढत न्हाई.”

मंगलनं भिवराबाईच्या पदराला खांद्यावर दोन पिना लावून दिल्या. मांडवात गीताबाईनं हाताला धरून तिला आपल्याजवळ बसवलं.

“इहीनबाई, इसरा ते.”

“तुमी इसरलात का?”

गीताबाईनं भिवराबाईचा हात तसाच धरून ठेवला. मंगलाष्टकं चालू होती. वारा आला, डोक्यावरचा पदर जरासा सरकला आणि तो सावरायला भिवराबाईनं दुसरा हात उचलला. समोरच्या बाया एकदम तिच्याकडं बघायला लागल्या. तिनं हात मांडीवर घेतला आणि अक्षता पडेपर्यंत हलवला नाही.