व्याख्या ठरेपर्यंत

कमिटीत बसणाऱ्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. २००० नंतरच्या त्या वर्षांत मी लंडनजवळच्या वॉटफर्डच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायचो आणि इक्वॅलिटी कमिटीची मिनिट्स लिहायचो. म्हणजे मूर्खपणा झाला की तो शुद्ध इंग्रजीत नोंदवायचा, हे माझं काम!

रेबेकाताई आमच्या लॅब टेक्निशियन. मूळच्या अलिबागच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. स्टाफरूममध्ये सगळे त्यांना हिंदूच समजायचे, त्यामुळे त्यांच्यासमोर जिभा सैल सुटायच्या.

इतिहासाचा कॉलिन एकदा म्हणाला, "जगातले सगळे पेपर ज्यूंचेच!"

ताई मला मराठीत म्हणाल्या, "आमच्या आजोबांचा तेलाचा घाणा होता रे. पेपर घरी यायचा तो पुड्या बांधायला."

*

मग याच कॉलिनने स्टाफरूमच्या नोटीसबोर्डावर एक चित्र लावलं. जुन्या ज्यूद्वेषी चित्रांत असतो तसा आकड्यासारख्या नाकाचा म्हातारा, टोपीवर ज्यूंचा सहा टोकांचा तारा, पृथ्वीला विळखा घालून बसलेला. ताईंनी तक्रार केली, "मी ज्यू आहे. हे काढा, एवढंच."

"ही इस्रायल सरकारवर टीका आहे," कॉलिन म्हणाला.

"सरकारवर खुशाल करा, मीही करते. पण नाक कुणाचं काढलंय?"

प्रकरण कमिटीकडे आलं. अध्यक्षबाई मार्गारेट म्हणाल्या, "आधी ज्यूद्वेष म्हणजे नक्की काय, याची डेफिनिशन ठरवू. तोपर्यंत चित्र राहू दे, पुरावा आहे!"

मी लिहून घेतलं.

*

पहिल्याच मीटिंगला मार्गारेटना प्रश्न पडला, "एकही ज्यू मेंबर नसताना डेफिनिशन करायची कशी?"

ताई म्हणाल्या, "मी आहे ना."

"पण रेबेका, तू तर एशियन!"

आमच्या फॉर्मवर वंश-धर्म मिळून एका माणसाला टिक करायला एकच चौकोन होता.

मग डेफिनिशनसाठी सबकमिटी नेमली आणि बॅलन्स हवा म्हणून तिच्यावर कॉलिनला घेतलं.

*

मसुद्यावर मतदान ठेवलं ते नेमकं ताईंच्या वर्षाच्या मोठ्या उपासाच्या दिवशी. त्या दिवशी काम वर्ज्य, येता येणार नाही, असं ताईंनी कळवलं.

मार्गारेट मायेने म्हणाल्या, "उपास ना? डोंट वरी, त्या दिवशी सँडविचेस ठेवणारच नाही!"

मीटिंग झाली. मसुदा पुन्हा सबकमिटीकडे गेला. मी लिहिलं, "संबंधित व्यक्ती गैरहजर."

*

असं वर्ष गेलं. डोंगर पोखरून उंदीरसुद्धा निघाला नाही. ताई मात्र रोज त्या चित्राकडे पाठ करून डबा खायच्या.

चित्राला चार पिना होत्या. मला उंची पुरत होती, हात होते, रोज तिथून जाणंयेणं होतं. मी त्या काढल्या नाहीत. याची लाज मला आजही वाटते.

*

शेवटी एक दिवस फायर सेफ्टीचा माणूस तपासणीला आला. चित्राचा कोपरा फायर एक्झिटच्या सूचनेवर येत होता. त्याने काही न विचारता पिना उपटल्या आणि चित्र टेबलावर ठेवलं. अर्धं मिनिटही लागलं नाही!

ताईंनी डबा उघडला. वर्षात पहिल्यांदाच भिंतीकडे तोंड करून बसल्या. मला म्हणाल्या, "घे, सुरमई आहे."

तेवढ्यात मार्गारेट धावत आल्या. "निर्णयाआधी पुरावा हलवणं योग्य नाही!" त्यांनी केअरटेकरला बोलावलं. त्याने चित्र चार इंच डावीकडे धरलं, लेव्हल लावून सरळ आहे ना ते बघितलं आणि चार नव्या पिना ठोकल्या.

ताईंनी डब्याचं झाकण लावलं, चष्मा वर केला आणि चित्र नीट न्याहाळलं.

"मागच्यापेक्षा सरळ लावलंय," त्या म्हणाल्या.