प्लंबरच्या घरची गळती

सगळ्या गल्लीचे नळ ज्याच्या हाताखालून गेले, त्या प्लंबरच्या घरामागे मात्र बारा महिने चिखल. मागून ओढा वाहायचा, उंच भिंतीमुळे ऊन तिकडे फिरकायचं नाही. ओढ्याकाठी ओल असायचीच, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण ज्याचा जन्म गळत्या बुजवण्यात गेला, त्याला ओल दिसली की मेला कुठेतरी पाइपच फुटलाय असं वाटतं. त्यात शेजारचा शिंपी रोज कुंपणावरून विचारी, "काय प्लंबर, दिव्याखाली अंधार का?"

बायकोचा मात्र त्या ओलीवर भारी जीव. तिच्या आईच्या दारात हायड्रेंजिया होता, निळ्या फुलांचे हे एवढाले गुच्छ. आई गेली, घर विकलं, नव्या मालकाने झुडूप उपटून तिथे गाडी उभी केली. त्याआधी हिने फांद्या आणून या सावलीत लावल्या म्हणून बरं. इथे त्यांनी असं बाळसं धरलं, की ती नवऱ्यापेक्षा त्यांच्याशीच जास्त बोलायची.

ती बहिणीकडे राहायला गेली आणि प्लंबरने डाव साधला. भिंतीलगत चर खणला, पाइप टाकला, वर खडी पसरली, सगळं पाणी ओढ्यात सोडलं. जमीन खडखडीत! शिंप्याला मुद्दाम बोलावून दाखवलीसुद्धा.

बायको परतली ती थेट मागे. झुडपांची पानं पिळलेल्या फडक्यासारखी लोंबत होती.

"हे काय केलंत?"

"गळती काढली."

"माझ्या आईचं एवढंच उरलं होतं हो," म्हणाली आणि आत गेली. त्यानंतर तोंडाला जे कुलूप लावलं, ते लावलंच. भांडली असती तर परवडलं असतं, त्याची त्याला सवय होती.

प्लंबर बादल्या ओतू लागला. संध्याकाळी पानं जरा उठायची, दुपारी पुन्हा माना टाकायची. ओतलेलं पाणी चरातून पळायचं, काम इतकं चोख! स्वतःच्या कामाला त्याने आयुष्यात पहिल्यांदा शिव्या घातल्या. शेवटी खडी उपसली, पाइपचं ओढ्याकडचं तोंड बुचाने बंद केलं आणि ड्रिल घेऊन झुडपांच्या मुळाशी पाइपला भोकं पाडायला बसला.

शिंपी कुंपणावर हजर. "अहो, चांगल्या पाइपची चाळण कशाला करताय?"

"गळती बसवतोय."

"आमच्याकडे तर न सांगताच बसवून गेला होतात की!"

प्लंबरने ड्रिल आणखी जोरात दाबलं. भोकं पाडत राहिला.

हळूहळू जमीन भिजली, पानं ताठ झाली. एका सकाळी बायको अनवाणी चिखलात आली, वाकून माती चाचपली. प्लंबर दारातून बघत उभा.

"कोपऱ्यातल्याला पाणी कमी येतंय," ती म्हणाली.

बोलली! प्लंबर ड्रिल आणायला असा धावला, की पाय सटकून चिखलात फतकल मारून बसला.

"सावकाश," ती ओरडली, "झुडपावर पडाल!"