राखून ठेवलेलं औषध

आमच्या इमारतीत कुणाचंही मूल शिंकलं, की शेजारच्या काकूंच्या फ्रिजचं दार उघडायचं. त्या दारात अंड्यांच्या जागी औषधांच्या अर्ध्या बाटल्या असत. एका मुलाचा ताप उतरला की उरलेलं औषध काकू जपून ठेवत आणि पुढच्या आजारी मुलाला देत. सायखेड्याहून नाशिकला येऊन त्यांना कैक वर्षं झाली होती, पण पदर खोचून दुसऱ्याच्या घरात शिरायची गावाकडची सवय गेली नव्हती.

कामावर जाताना मी माझ्या लेकीला, ओवीला, त्यांच्याकडेच सोडायची. तेलाची मालीश, नागलीची खीर, दुपारची झोप, औषधपाणी, सगळं त्या बघत. "तू जा बिनघोर, लेकरू माझं हाय," असं म्हणत. आणि ते खरंच होतं. म्हणून तर त्यांच्यावरचा राग मला धड काढताही येत नाही.

ओवीला न्यूमोनिया झाला. डॉक्टरांनी औषध दिलं, ताप उतरला, आणि काकूंनी मला न विचारता औषध बंद केलं. खोकला वाढला, ताप पुन्हा चढला, मान ताठ झाली. झटका आला तेव्हा काकूंनी आधी तिच्या नाकाशी कांदा धरला, मग मला फोन केला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "औषध पूर्ण दिलं होतं?"

मी हो म्हणाले. मागून काकू म्हणाल्या, "नाय, थोडं राखून ठेवलंय. लय औषध गरम पडतं लेकराला. आन वरच्या सोनूला बी खोकला हाय."

आणि वर त्यांच्या बोलण्यात स्वतःचंच कौतुक होतं! वाटलं, यांना इथेच धरून गदागदा हलवावं.

जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत पोचले होते. ओवी वाचली; दोन्ही कान गेले. ती दवाखान्यात असेपर्यंत काकू रोज माझा डबा घेऊन आल्या. मी तो खाल्ला, आणि त्याचाही मला राग येतो.

काकू आता गावी लेकाकडे असतात. रविवारी फोन येतो. "ओवीला दे, दोन शब्द बोलते."

"काकू, तिला ऐकू येत नाही. किती वेळा सांगू?"

"येईल गं, लहान हाय अजून."

ओवी माझ्या हातातून फोन ओढते, त्यावर आलेला काकूंचा फोटो बघते आणि खळखळून हसते.

"बघ, हसली. येतंय तिला ऐकू," काकू म्हणतात.

मी फोन काढून घ्यायला जाते. ओवी देत नाही.