पुगाच्या वाफेवर शेकलेली बॅटरी

माझा थोरला दीर टुंडुप पूर्वी कशालाच भीत नसे. त्सो-कार तळ्याकाठच्या आमच्या वस्तीत जीप होती ती त्याच्या एकट्याकडे. कुणाला लेहला जायचं असो की कुणाची मेंढी खिंडीत अडकलेली असो, सगळे त्याच्याच दाराशी यायचे. सगळी वस्ती त्याला आचो म्हणायची, म्हणजे थोरला भाऊ. मीही तेच म्हणायचे.

हिवाळ्यात आमच्याकडे जीप रात्रभर बाहेर राहते, पण बॅटरी राहत नाही. संध्याकाळ झाली की आचो पाना घेऊन तिच्या वायरी सोडवायचा, तान्ह्या पोरासारखी तिला पोटाशी धरून घरात आणायचा आणि चुलीपासून हातभर अंतरावर ठेवायचा. सकाळी इंजिनाखाली निखाऱ्यांची परात सरकवायची, बॅटरी परत जोडायची, मग चावी.

त्या वर्षी बॅटरी म्हातारी झाली होती. तिच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी धरायची. पुसली की दोन दिवसांत परत. लेहच्या बॅटरीवाल्याने थंडीआधीच तपासून सांगितलं होतं, "आचो, ही चार्ज होते, पण हिच्यात जोर उरलेला नाही. आत्ताच बदल."

"उन्हाळाभर एका झटक्यात चालू होत होती की!"

"उन्हाळ्यात माझी आजीसुद्धा नाचते. थंडीत नाचवून दाखव."

आचो हसला. "लोसार होऊ दे, मग बदलतो."

लोसार, म्हणजे आमचं नवं वर्ष, येऊन गेलं. बॅटरी तीच राहिली.

मला तेव्हा आठवा महिना होता. माझा नवरा नुर्बू दूर सरहद्दीच्या रस्त्याच्या कामावर होता. एके सकाळी उठले तर अंथरूण रक्ताने भिजलेलं. सासूबाईंनी, आमालेंनी, ते पाहिलं आणि त्यांच्या हातातली जपमाळ थांबली. ती थांबलेली मी कधीच पाहिली नव्हती.

"टुंडुप, गाडी काढ," एवढंच त्या म्हणाल्या.

जीप कण्हत कण्हत चालू झाली. पोलोकोंग्का खिंड आम्ही चढून उतरलो. खाली पुगाच्या सपाटीवर रस्त्यावरून ओढ्याचं पाणी वाहून गोठलं होतं, काचेसारखं. चाक घसरलं, आचोचा पाय क्लचवरून सुटला, गाडीने एक हिसका दिला आणि इंजिन बंद पडलं.

त्यानं चावी फिरवली. इंजिन जड आवाजात घुरघुरलं. पुन्हा फिरवली, ते आणखी हळू घुरघुरलं. तिसऱ्यांदा नुसतं टक् झालं. मग काहीच नाही.

"काय झालं रे?" आमालेंनी विचारलं.

"काही नाही, आमाले. जरा दमलीय."

"गाडी दमली की तुला खोटं बोलायला जोर चढतो वाटतं."

ढकलून चालू करायची तर उतार हवा होता, आणि ढकलायला माणसं. आमच्यात एक म्हातारी आणि एक मी. इथल्या शाळेला हिवाळ्यामुळे कुलूप होतं, मेंढपाळ खालच्या खोऱ्यात गेले होते. फोनला रेंज नव्हती. वाऱ्याचा आवाज तेवढा होता. गाडीतली ऊब बघता बघता गेली आणि आमच्याच श्वासाने काचा आतून पांढऱ्या झाल्या. आमालेंनी माझे पाय आपल्या मेंढीच्या कातड्याच्या अंगरख्यात घेतले. पोटातलं बाळ सकाळपासून हललं नव्हतं. ते मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर ते खरं होईल असं वाटत होतं.

आचो बॅटरी सोडवायला लागला. "ही गारठून आखडलीय. शेक मिळाला तर एकदा तरी उठेल."

"शेकशील कुठे? माझ्या टाळूवर?" आमाले म्हणाल्या.

त्यानं पलीकडे पाहिलं. पुगाच्या गरम झऱ्यांची वाफ तिथे जमिनीतून वर येत होती.

आमाले ओरडल्या. "तिथे नको रे! वरून बर्फ दिसतं, खाली चिखल उकळतो. सोनमचा याक बघता बघता आत गेला तिथे. तू गेलास तर आम्ही दोघींनी काय करायचं?"

"इथे बसूनही काय करणार आहोत, आमाले?"

त्यानं घोंगड्या आम्हाला दिल्या, गाडीतला गालिचा इंजिनावर पांघरला, आणि बॅटरी पाठीवर बांधून चालू लागला. काचेवर गोठलेला बर्फ नखाने खरवडून मी भोक पाडलं आणि त्याला डोळा लावला. दर पावलाला तो वाकून जमिनीवर हात ठेवायचा, मग पुढे सरकायचा. मग वाफेने त्याला गिळलं.

बराच वेळ काहीच दिसलं नाही. मग एक किंकाळी ऐकू आली. एकच.

आमाले मोठमोठ्याने मंत्र म्हणू लागल्या. मी ओरडले, "आचो! आचो!" बंद काचांतून माझा आवाज माझ्याच कानात आदळत होता. सूर्य डोंगराकडे कलत होता आणि मला एकच कळत होतं, की आता आपण तिघं नाही, चौघं मरणार.

मग वाफेतून तो आला. लंगडत. अंगावरचा गोंचा, लांब लोकरी अंगरखा, काढून त्याने बॅटरीला गुंडाळला होता आणि स्वतः नुसत्या स्वेटरवर होता. एक पाय गुडघ्यापर्यंत उकळत्या चिखलात गेला होता. गाडीपाशी पोचेपर्यंत त्यावरची पँट गोठून फळीसारखी झाली होती.

"हात लावून बघ," तो म्हणाला. त्याचे दात वाजत होते. बॅटरी तापलेल्या अंगासारखी गरम होती.

वायरी जोडताना त्याच्या बोटांत पाना धरवेना. दोनदा सुटला. आमाले खाली उतरल्या, आपल्या दोन्ही हातांनी त्याची मूठ धरून ठेवली. "घाई नको. ठिणगी उडाली तर ही बॅटरीही जाईल."

तो स्टिअरिंगपुढे बसला. "नाही झाली चालू तर?" मी विचारलं. त्यानं चावी फिरवली.

इंजिन घुरघुरलं, अडखळलं, थांबतंय असं वाटलं, आणि पेटलं. आमच्यापैकी कुणी आनंदाने ओरडलं नाही. आचो इंजिन बंद पडू नये म्हणून पायाने अॅक्सिलरेटर दाबून धरून हमसून हमसून रडत होता.

पुढे माहे गावच्या पुलाशी लष्कराच्या ठाण्यावरच्या लोकांनी आम्हाला त्यांच्या रुग्णवाहिकेत घातलं. लेहला माझं पोट कापून मुलगी काढली. निळी पडली होती, पण रडली. आचोच्या पायाला मांडीची कातडी लावावी लागली आणि त्याच पायाची दोन बोटं गेली.

त्यानंतर आचो बदलला. दर शरदात नवी बॅटरी, जुनी चांगली असली तरी. हिवाळ्यात चुलीजवळ एकीच्या जागी दोन. रात्री उठून त्यांना हात लावून बघायचा. पोरं चिडवायची, "आचो, अंगाई म्हटलीस का?" तो हसायचा नाही. थंडीत प्रवासी घेणं त्यानं हळूहळू बंदच केलं.

काही हिवाळ्यांनंतर शेजारच्या पद्माला कळा सुरू झाल्या, मूल आडवं होतं. तिला गाडीत निजवलं. आचो स्टिअरिंगपुढे बसला आणि तसाच बसून राहिला. चावी लावलेली, हात मांडीवर. कपाळावर घाम, त्या थंडीत.

"मला जमत नाही, डिस्केत," तो खिडकीतून मला हळूच म्हणाला, पद्माला ऐकू जाऊ नये म्हणून. "ते टक् ऐकू येतं."

मी दुसऱ्या दाराने चढून त्याच्या शेजारी बसले. भीती मलाही वाटत होती. मी हात पुढे करून चावी फिरवली. गाडी पहिल्याच झटक्यात चालू झाली.

"चल," मी म्हटलं. "मी लेहपर्यंत इथेच बसते."

त्यानं गियर टाकला. खिंड चढून आम्ही पलीकडे उतरलो. पद्मा मागे कण्हत होती आणि इंजिन चालू होतं.