काळी खिडकी जोडताना

दसऱ्याच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मी माझ्या मुलीचा खेकडा मारला. दुपारी सव्वातीनपर्यंत मला ते कळलंही नाही.

खेकडा लॅपटॉपमध्ये राहायचा. मुक्ताने चार महिने खपून केलेल्या गेमचा तो नायक. खाडीकाठच्या मिठागरातून तिरका पळायचा, बगळ्यांना चुकवायचा आणि मिठाच्या ढिगावर चढून नांगी हलवायचा. ठाण्याच्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीने तिला सांगितलेलं, दसऱ्याला दुपारी चारच्या आत गेम पाठव, आवडला तर नोकरी. (सणाच्या दिवशी मुदत ठेवणाऱ्या त्या माणसावर मी आठवडाभर आधीपासूनच चिडलेलो. मी तसा शांत माणूस आहे. आमच्या घरात हे ओरडून सांगावं लागतं.)

गेम ज्या प्रोग्राममध्ये बनतो त्याला गेम इंजिन म्हणतात. त्यात खेकडा दिसतो, बगळे दिसतात. पण कुणी कधी पळायचं ते कोडमध्ये लिहावं लागतं. ते लिहायला मुक्ताला टर्मिनलमधला एडिटर आवडतो: काळी खिडकी, पांढरी अक्षरं, माऊसचं काम नाही. अडचण एवढीच की इंजिनाची आणि या काळ्या खिडकीची ओळख नव्हती. इंजिनात फाईलवर दोनदा क्लिक केलं की ती काळ्या खिडकीत उघडायला हवी. ती उघडायची इंजिनाच्या स्वतःच्या एडिटरमध्ये.

"मग जोडून घे की," मी चहा पिता पिता म्हणालो.

"गेम पाठवल्यावर. आज नको."

"अगं, साडेतीन मुहूर्तांपैकी एक आहे आज. नवीन काम आजच सुरू करायचं असतं."

"बाबा, तू लॅपटॉपला कुंकू लाव, फूल वाहा आणि बाजूला हो. बाकी हात लावायचा नाहीस." एवढं बजावून ती स्कूटर घेऊन कल्याणला गेली, आत्याला आणायला.

आता मी एका कारखान्याच्या संगणक विभागात पंचवीस वर्षं काळ्या पडद्यासमोर काढलेली. मुलीने ती काळी खिडकी उघडली की मला माहेरी आल्यासारखं वाटतं. मी लॅपटॉपला हळद-कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं, नमस्कार केला आणि फूल जरा सरकवून इंजिनाची सेटिंग उघडली.

सेटिंगमध्ये 'बाहेरचा एडिटर' अशी चौकट होती. तीत टर्मिनलच्या एडिटरचा पत्ता भरला आणि खेकड्याच्या फाईलवर दोनदा क्लिक केलं. काही झालं नाही. पुन्हा केलं. पुन्हा काही नाही. मग मी दारावरची बेल दाबतात तसं दाबायला लागलो.

"अरे उघड की, मूर्खा!"

"कुणाशी भांडताय?" स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवती. हातात चक्का, समोर चाळणी.

"लॅपटॉपशी."

"मग जरा हळू भांडा. शेजारच्यांना वाटेल माझ्याशी भांडताय."

"तुझ्याशी भांडताना मी असा आवाज चढवतो का?"

"नाही. तिथे तुम्हाला जिंकायची आशा नसते."

तेवढ्यात लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायला लागला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. टर्मिनलच्या एडिटरला बसायला खिडकी लागते. इंजिन त्याला प्रत्येक क्लिकला इमानदारीत उठवत होतं, पण खिडकीच देत नव्हतं. म्हणजे काही होत नव्हतं असं नाही. जे होत होतं ते दिसत नव्हतं. मोजले तर आत सदतीस एडिटर दाटीवाटीने उभे होते.

ते बंद करायला हवे होते. पण मी रागात होतो आणि रागात माणूस पुढे जातो. आधी टर्मिनल उघडलं, त्यात एडिटर बसवला, त्याला एक पत्ता दिला आणि इंजिनाला बजावलं की यापुढे फायली या पत्त्यावर पाठवायच्या. दोनदा क्लिक केलं. फाईल काळ्या खिडकीत हजर. (सोबत एक पिवळी सूचना आली. मी न वाचता पुढे ढकलली. ही पंचवीस वर्षांच्या नोकरीची कमाई.)

दसरा, नवीन एडिटर, कोरी सुरुवात. आमच्याकडे नव्या वहीच्या पहिल्या पानावर आधी श्री लिहितात, मग बाकीचं. मी फाईलच्या पहिल्या ओळीवर लिहिलं: ॥ श्री ॥. मग वाटलं, एकाच फाईलवर का? अकराच्या अकरा फायलींवर लिहिलं. गेम चालवून बघावा हे मनातही आलं नाही. श्री लिहिल्यावर बघायचं काय असतं?

कल्याणला माझ्या ताईची, म्हणजे मुक्ताच्या आत्याची, पूजा आटोपेना, त्यामुळे दोघी घरी पोचल्या सव्वातीनला. मुक्ताने शेवटचं एकदा बघू म्हणून गेम सुरू केला. खेकडा नाही, बगळे नाहीत. खाली लाल अक्षरांच्या अकरा ओळी.

"बाबा, हे काय आहे?"

"श्री."

"कुठे?"

"सगळीकडे."

मुक्ता मला लहानपणापासून अरे-तुरे करते. त्या दिवशी ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही खुर्चीवरून उठा." मला त्या 'तुम्ही'चीच भीती वाटली.

"मी फक्त जोडत होतो गं."

"चार महिने, बाबा. चार महिने मी रोज रात्री बसलेय. तुम्हाला एक दिवस गप्प बसवलं नाही?"

यावर मला राग यायला हवा होता. आलाही. पण तो बाहेर जायला निघाला आणि दारातून परत माझ्याकडेच आला.

ती पहिलं श्री पुसणार, तोच ताईने पाण्याचा पेला ठेवला. "दसऱ्याला लिहिलेलं श्री पुसायचं नाही."

"आत्या, यंत्र ते कोड समजून वाचतं आणि अडतं. त्याच्यामुळे गेम बंद पडलाय."

"श्रीमुळे कधी काही बंद पडतं का? तुझ्या बापामुळे पडलं असेल. श्री राहील."

साडेतीन. आमच्या ताईशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही, आणि मुक्ताकडे अर्धाच तास होता. तिने खोडायच्या बटणावरून बोट उचललं. मग म्हणाली, "आत्या, ओळीच्या आधी एक खूण टाकली की यंत्र ती ओळ वाचत नाही, सोडून देतं. श्री जागेवरच राहील. चालेल?"

"यंत्राने नाही वाचलं तरी चालेल. देव वाचतो."

दहा फायली पटापट झाल्या. अकरावी, खेकड्याची, अडून बसली. पिवळी सूचना: ही फाईल दुसरीकडे उघडलेली आहे.

"आता ही कुणी उघडलीय?"

"मीच," मी म्हणालो. "सदतीस वेळा."

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. एक आज्ञा टाइप केली, सदतीस एडिटर एका दमात बंद झाले, पंखा निवला. खूण टाकली, गेम चालवला. खेकडा तिरका धावत आला, ढिगावर चढला आणि नांगी हलवली. चारला सहा मिनिटं असताना गेम गेला. मग आम्ही श्रीखंड-पुरी खाल्ली.

ठाण्याच्या कंपनीने तिला घेतलं. रुजू होण्याच्या अर्जात एक प्रश्न होता: घरून काम करायला शांत जागा आहे का?

मुक्ताने लिहिलं, 'जागा आहे. पण वडील घरीच असतात.'

तिला कंपनीत लगेच टेबल मिळालं.