बशीखालचा शिक्का

शहागंजात जुन्या चिनीमातीच्या दुकानात मी चाळीस वर्षं बसतोय. कपबश्या विकल्या जातात, किस्से मात्र दुकानातच राहतात.

सलीमभाई आमचे मालक. मला कामावर ठेवताना त्यांनी विचारलं, "इंग्रजी येत नाय, मग बशीखालचा कंपनीचा शिक्का वाचणार कसा?"

मी म्हणालो, "तुम्ही शेजाऱ्याला काय नाव वाचून वळखता?"

मुकुट, सिंह, दोन तलवारी. एकदा बघितलेला शिक्का मी विसरत नाही.

* * *

एक साहेब कप घेऊन आले. "दोनशे वर्षांपूर्वीचा पीस आहे. मोबाइलवर चेक केलंय."

मुकुट बरोबर होता, पण चकाकीच्या वरून मारलेला; खरा चकाकीच्या खाली असतो. मी अंगठा ओला केला.

"घासू नका ना, काका!" ते ओरडले.

तोवर अर्धा मुकुट अंगठ्यावर आला होता!

सलीमभाई हळूच म्हणाले, "दोनसौ साल में किसीने धोया नै क्या, साहब?"

* * *

खरं सांगणं दर वेळी गोड नसतं. खुलताबादची एक बाई बशी घेऊन आली. आई नुकतीच वारलेली. "निजामाच्या काळातली हाय, आई सांगायची."

उलटी केली, तर खाली मायक्रोवेव्हचं चित्र. मी सांगून टाकलं.

बाई बशी पदरात गुंडाळून पायऱ्या उतरली.

सलीमभाई म्हणाले, "अरे, ती विकायला थोडीच आली होती?"

* * *

परवा नातीला घेऊन तिच्या सोयरिकीसाठी पडेगावला मुलाच्या घरी गेलो. आधी दोन ठिकाणांहून नकार आलेला. निघताना तिनं बजावलं, "आबा, तिथं कपबशी उलटी करायची नाय. त्यांना वाटंल, आपण ऐपत तपासतोय!"

चहा आला. सोनेरी काठाच्या बश्या. हात शिवशिवत होते, ते मी मांडीखाली दाबून धरले.

तेवढ्यात मुलाचे आजोबा जाड चष्म्यातून बघत म्हणाले, "पाव्हणं, तुम्ही दुकानवाले ना? मग बघा की उलटी करून! माझ्या वडलांनी हैदराबादहून आणलेला सेट हाय. सगळ्यांसमोर सांगा, खरा का खोटा!"

नात माझ्याकडं बघत होती. मुलाची आई किटली घेऊन दारातच थांबली. तिचा चेहरा पांढरा पडला.

मी चहा संपवला. बशी उलटी केली.

खाली लाल ऑइलपेंटनं आकडा टाकलेला. मंडपवाले भाड्याच्या भांड्यांवर टाकतात, तसा.

"काय निघालं?" आजोबा पुढं सरकले.

मी आकड्यावर अंगठा ठेवला. "अस्सल हैदराबादी हाय. जपा."

आजोबा मिशीत हसले. ते काही बोलायच्या आत किटली खाली ठेवून सूनबाईच बोलल्या, "मामंजी, पोरगी आपल्याला पसंत हाय!"